काचेच्या आतल्या बाजूला

शुक्रवार, १८ ऑक्टोबर १९९६. सकाळी ढगाळ, नंतर ऊन. मशीनचं भिंग काढून पुसलं. काल पुसलं होतं, परवाही पुसलं होतं. आज पुन्हा आतल्या बाजूने वाफ धरलेली. कार्बन, गंधक, फॉस्फरस तिघेही मंद, बाकीचे ठीक. भावजींनी दिवसभरात घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल दिलं. कोणाशी बोलले नाहीत. शेजारणीची शिडी परत केली.

एवढं लिहून तिने पेनाला टोपण लावलं. अक्षर नेहमीसारखंच होतं, सिस्टरांच्या शाळेत घटवून घेतलेलं, ओळ न सोडणारं. फक्त ‘वाफ’ या शब्दापाशी पेन जरा रेंगाळलं होतं. मनात आलेला शब्द वेगळा होता. आरशाजवळ तोंड नेऊन कोणी ‘हाऽ’ केलं की एक धुरकट ठिपका उमटतो, मधे दाट आणि कडेला विरळ, तसा तो ठिपका होता. आणि तो भिंगाच्या आतल्या अंगाला होता. त्या बाजूची पेटी बंद असते, पंप तिच्यातली हवा सतत ओढून बाहेर टाकत असतो. जिथे हवाच नाही तिथून श्वास कोण सोडणार?

पोलादाचे सुटे भाग ओतणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे ‘काचवाली बाई’ म्हणत. भट्टीतला रस तयार होत आला की त्यातला चमचाभर एका लहान साच्यात ओतून चकती करायची आणि ती धावत तिच्या खोलीत पोचवायची, अशी पद्धत होती. ती चकती घासून सपाट करी, मशीनच्या भोकावर ठेवी आणि बटण दाबी. चकतीवर ठिणग्यांचा तडतडाट होई. त्या ठिणगीचा उजेड भिंगातून आत पेटीत जाई, तिथे त्याचे रंग सुटे होत. लोखंडाचा रंग वेगळा, मँगनीजचा वेगळा, कार्बनचा वेगळा. ज्याचा उजेड जास्त, तो धातूत जास्त. मग ती भट्टीवर फोन करी, “कार्बन कमी आहे, घाला,” किंवा “पुरे, ओता.” साऱ्या कारखान्याचं पान त्या एका खोलीवाचून हलत नसे.

तिच्याआधी त्या खुर्चीवर तिचा नवरा बसायचा. ती मदतनीस म्हणून लागली तेव्हा लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील. नवराबायको एकाच खोलीत काम करतात म्हणून लोकांनी थट्टा करून घेतली, पण कामावर त्यांची खरी भांडणं एकाच गोष्टीवरून होत. तो भिंग पुसायचा ते तोंडाची वाफ देऊन, सदऱ्याच्या टोकाने.

“अहो, स्पिरिट आहे ना! तोंडाची वाफ कसली देता?”

“स्पिरिटला माया नसते गं,” तो म्हणायचा आणि मुद्दाम आणखी एकदा ‘हाऽ’ करायचा.

पुढे त्याच्या छातीने असहकार पुकारला. शेवटचं वर्षभर तो खोकत काम करत होता, आणि मग नुसताच घरी खोकत होता. तो गेला त्यालाही आता वर्ष झालं होतं. खुर्ची तिच्याकडे आली. भिंग पुसायला तिने पांढऱ्या मऊ कापडाचे सारखे चौकोन कापून ठेवले आणि तोंडाची वाफ त्या खोलीतून हद्दपार झाली. निदान तिला तसं वाटलं होतं.

गेल्या महिन्यापासून आकडे घसरू लागले. घसरणही अशी की कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये. रोज सकाळी जी ठरलेली, आकडे आधीच ठाऊक असलेली चकती तपासून मशीन बरोबर आहे की नाही ते बघायचं, तिचा कार्बन जरासा कमी दिसे, पण चालण्यासारखा. तिने तो चालवला. भट्टीवर फोन केला की कार्बन कमी, घाला. भट्टीवर तिचा दीर होता, भट्टीचा मुख्य कारागीर. त्याने घातलं. पुढच्या आठवड्यात आणखी घालायला सांगितलं, त्याने आणखी घातलं. आणि एके दिवशी गिऱ्हाइकाकडे वजन उचलताना एक पोलादी कप्पी काचेसारखी तडकली. नशिबाने खाली कोणी नव्हतं. तुकडा बाहेरच्या प्रयोगशाळेत गेला. त्यात कार्बन हवा त्यापेक्षा कितीतरी जास्त निघाला.

मॅनेजरसाहेबांनी दोघांना समोर उभं केलं आणि सरळ दिराकडे बोट केलं. “मशीन खोटं बोलत नाही. तू चकती एका रसाची पाठवतोस आणि साच्यात दुसराच ओततोस. सोमवारपर्यंत घरी बस. सोमवारी काय ते ठरवू.”

सोमवारी काय ठरणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या कारखान्यातला एक भट्टीवाला येऊन भट्टी बघूनही गेला होता. आणि अशा ठपक्याने काढलेल्या कारागिराला दुसरीकडे कोणी दारात उभं करत नाही. दीर एकटाच होता, लग्न केलं नव्हतं, भावाच्या घरात भावजयीकडेच राहायचा. भट्टी हाच त्याचा संसार होता.

“वहिनी, तुमच्या मशीनला मोतीबिंदू झालाय,” तो पहिल्या दिवशी म्हणाला होता.

“चेष्टा नको, भावजी.”

“चेष्टा कसली? वीस वर्षं रस बघतोय मी. मला तो जड दिसत होता. पण तुम्ही म्हणालात घाल, मी घातलं. या घरातला आकडा आहे म्हणून डोळे मिटून घातलं.” त्यानंतर तो तेलाची पिचकारी घेऊन बिजागऱ्यांच्या मागे लागला. दारं आता आवाज न करता उघडत. ते तिला अजिबात आवडत नव्हतं.

मशीनला मोतीबिंदू झालाय हे तिलाही पटलं होतं. तिने ते पायरीपायरीने पडताळलं. ठिणगी पाडणारी टोकदार कांडी बदलली, तिचं अंतर मापाने लावलं. ठिणगीभोवती सोडतात त्या आरगॉन वायूची बाटली बदलली. चकतीवर पडणारा डाग हातातल्या भिंगाखाली पाहिला: मधे खरवडल्यासारखा, भोवती काळी कडा, हवा तसा. वायू खराब असता तर डाग पांढरा फटक पडला असता आणि ठिणगीचा आवाजही बदलला असता. आवाज खणखणीत होता. शिवाय ठिणगीतच खोट असती तर सगळेच उजेड मंदावले असते. इथे लोखंड ठणठणीत होतं, मँगनीज, क्रोमियम ठणठणीत होते. मंद होते ते तिघेच. त्या तिघांचा उजेड मुळात डोळ्यांना न दिसणारा आणि इतका नाजूक, की साधी हवासुद्धा तो पिऊन टाकते. म्हणून तर पेटीतली हवा काढून टाकलेली असते. म्हणजे अडथळा वाटेत होता.

तेव्हा तिने पेटी आणि भिंग यांच्यामधली झडप बंद करून भिंगच बाहेर काढलं आणि खिडकीकडे धरलं. ठिणगीकडची बाजू, जी काजळीने काळवंडायला हवी, ती तिनेच रोज पुसल्यामुळे लख्ख होती. आतल्या बाजूला तो ठिपका होता.

तो पुसला, आणि तिघांचे उजेड ताडकन वर आले. दिवसभर आकडे बरोबर. तिला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी खोली उघडली, भिंग काढलं. ठिपका पुन्हा जागच्या जागी. तिसऱ्या दिवशीही. पंप गुरगुरत होता, हवेच्या दाबाचा काटा जिथे असायचा तिथे होता, कुलूप शाबूत होतं. आणि शुक्रवारी, त्या ठिपक्यावर कापड ठेवायच्या आधी, तिचा हात थांबला. पुसवेना. भिंग तळहातावर घेऊन ती किती वेळ तशीच उभी राहिली कोण जाणे. मग स्वतःवरच चिडून तिने स्पिरिट ओतलं, जरा जास्तच.

मॅनेजरला काय सांगणार होती? की रोज पुसलेली काच रोज आतून धूसर होते? तो विचारणार, का? आणि या ‘का’ला तिच्याजवळ जे एकच उत्तर मनात येत होतं, ते सांगून दिराची नोकरी वाचणार नव्हती; तिचीही गेली असती.

एवढं मात्र उघड होतं, की जे काही घडत होतं ते संध्याकाळी कुलूप लागल्यावर आणि सकाळी उघडण्याआधी. दुसरी किल्ली रखवालदाराकडे असे. जुना रखवालदार निवृत्त होऊन गेल्या महिन्यात हा नवा आला होता, दूरच्या गावाहून आलेला, वयस्कर, मऊ बोलणारा. शनिवारी दुपारी तिने त्याला गाठलं.

“मामा, आम्ही गेल्यावर माझ्या खोलीत कोणी येतं का हो?”

“कोणी नाही बाई.” उत्तर फार लवकर आलं. आणि ते देताना त्याने खोलीच्या दाराकडे पाहायचं कटाक्षाने टाळलं.

त्या संध्याकाळी तिने दिवा मालवला, दार आतून लोटून घेतलं आणि चकत्या घासायच्या यंत्रामागे स्टुलावर बसून राहिली. बाहेर पावलं, सायकली, हाका. मग फाटकाचा आवाज. मग काही नाही. खिडकीतला उजेड राखाडी झाला. पंपाची घरघर चालू होती. दिवसा ती कानाला लागतही नसे. आता दुसरं ऐकायला काही नव्हतं, म्हणून ती घरघर मोठी होत गेली, आणि त्या घरघरीच्या पोटातून एक वेगळा आवाज वर आला.

दोन तुटक खोकले. थोडी उसंत. मग घसा साफ केल्यासारखं, “अं हं.”

आवाज पंपातूनच येत होता, खालच्या फळीवरून, जिथे मांजरही धड मावलं नसतं. ते तिला कळत होतं. पण तो खोकला ती ओळखत होती. अख्खं वर्ष शेजारच्या उशीवरून ऐकलेला, दोन आणि एक, दोन आणि एक. उठून दिवा लावणं चार पावलांचं काम होतं. ती उठली नाही. तिला उठायचं नव्हतं.

किती वेळाने कोण जाणे, दार ढकललं गेलं. रखवालदार आत आला. हातात दिवा नव्हता. अंधारात सवयीने तो भिंतीपाशी गेला आणि आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलला, “झालं साहेब, झालं. झोपा आता.” आणि त्याने मोठं बटण खाली ओढलं.

पंपाची घरघर खाली खाली उतरत गेली आणि विझली. रखवालदार दारापाशी कान देऊन उभा राहिला. आणि त्या शांततेत मशीनच्या आतून एक उसासा आला. लांब, ओलसर, कोणी फार वेळ दाबून धरलेला दम सोडावा तसा.

ती उठली ती आपण उठतोय हे न कळता. मशीनपाशी जाऊन तिने ठिणगीच्या भोकात टॉर्च मारली. तळाशी भिंग चमकलं. सकाळी पुसलेलं, स्वच्छ. आणि तिच्या डोळ्यांदेखत त्याच्या मधोमध एक धूसर ठिपका उमटला आणि कडेकडेने पसरू लागला. पलीकडून कोणी तोंड जवळ आणलं होतं.

“अहो!” तिच्या तोंडून निघून गेलं.

दारापाशी किंचाळी उठली आणि काहीतरी धप्पकन पडलं. टॉर्च वळवली तर रखवालदार जमिनीवर बसला होता, दोन्ही हात जोडून.

“कोण? कोण आहे?”

“मी आहे हो. काचवाली.”

“बाई... जिवंत ना?”

“दुपारी तुमच्याशी बोलले तेव्हा तरी होते. उठा. लागलं का?”

तिने दिवा लावला, त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नोकरीच्या पहिल्या संध्याकाळपासून त्याला हा खोकला ऐकू येत होता. कोणाला सांगावं तर म्हणतील, रखवालदार आहे की पोरगं. एकदा घाबरून त्याने बटण ओढलं आणि खोकला थांबला. तेव्हापासून रोज अंधार पडता पडता तो बंद करी आणि उजाडायच्या आत चालू करी.

“मला वाटलं, साहेबांना या घरघरीने झोप लागत नसेल.”

“कोणते साहेब? तुम्ही तर त्यांना पाहिलंसुद्धा नाही.”

“नाही पाहिलं. नावही ठाऊक नाही. पण खोकल्यावरून माणूस कळतो, बाई. भला माणूस असणार. दुसऱ्याला त्रास नको म्हणून तोंडावर हात धरून खोकतो.”

नवरा तोंडावर हात धरायचा हे खरं होतं. घरी, रात्री, ती जागी होऊ नये म्हणून.

पण डोकं आता चालायला लागलं होतं, आणि एकदा लागलं की ते तिचं ऐकत नसे. पंप बंद पडला की हवा नसलेली पेटी पंपाच्याच वाटेने उलटी हवा ओढणार. त्या हवेबरोबर पंपातल्या तेलाची बारीक वाफ वर चढणार आणि गार काचेवर बसणार. हे होऊ नये म्हणून पंपाच्या गळ्यात एक लहानशी झडप असते. ती झिजली असणार. पंप चालू असताना फडफडते, तोच खोकला. बंद झाल्यावर मिटत नाही, तोच उसासा. तिने हे सगळं रखवालदाराला समजावून सांगितलं. लहान मुलाचं बोलणं मोठी माणसं जशी ऐकून घेतात तसं त्याने मान डोलावत ऐकून घेतलं.

“बरोबर असेल बाई. मग बंद पंप का खोकतो?”

“बंद पंप नाही खोकत.”

“जरा थांबा. रोज एक शेवटचा असतो.”

दोघं कान लावून बसली. बराच वेळ काही झालं नाही. ती बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात फळीखालून आला. एकच. अर्धा. हाताआड दाबलेला.

“लोखंड गार होतंय,” ती म्हणाली. “गार होताना वाजतं.”

तिने वाकून पंपाच्या पाठीवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. पंप अजून चांगलाच तापलेला होता.

रविवारी सुट्टी असूनही पंपवाला मिस्त्री आला. पंप उघडून त्याने चिमट्याने झडप बाहेर काढली. नखाएवढी पट्टी, एका कडेला फाटलेली. “घ्या, हिची जीभच तुटलीय,” तो म्हणाला. “बिचारी बोलायला बघत असणार.” त्याने नवी बसवली, तेल बदललं, बटण वर केलं. घरघर सुरू झाली, एकसुरी, सपाट. ती कान लावून बसली. मिस्त्रीने हात धुतले, हत्यारं गुंडाळली, तरी ती बसलेलीच. पंपात आता कोणीही नव्हतं.

“जुनी टाकून देऊ?” त्याने विचारलं.

“टाका,” ती म्हणाली.

मिस्त्री गेल्यावर तिने एकदा बटण खाली ओढून पाहिलं. उसासा आला नाही. पुन्हा पंप चालू केला, भिंग पुसून बसवलं, आणि महिनाभराच्या चकत्या, ज्या नियमाप्रमाणे जपून ठेवलेल्या असतात, त्या काढून एकेक पुन्हा ठिणगीखाली धरल्या. आता तिघांचे उजेड स्वच्छ होते. दिराच्या चकत्यांत कार्बन आठवड्यागणिक वाढत गेलेला दिसला, आणि त्या कप्पीच्या रसाच्या चकतीत तितकाच निघाला जितका बाहेरच्या प्रयोगशाळेला कप्पीत सापडला होता. त्याने एका रसाची चकती पाठवून दुसरा ओतला नव्हता. जे सांगितलं ते घातलं होतं.

सोमवारी सकाळी भिंग लख्ख निघालं. ते कापडात गुंडाळून ती मॅनेजरच्या खोलीत गेली.

“म्हणजे मशीन खोटं बोलत होतं?” तो म्हणाला.

“मशीनला दिसत नव्हतं, साहेब. आणि मशीनला दिसत नाही, हे मला वेळेवर दिसलं नाही. भट्टीवाल्याची काही चूक नाही.”

“पण पंप बंद कोण करत होतं?”

दाराबाहेर रखवालदार टोपी हातात घेऊन उभा होता. त्याची सावली उंबऱ्यावर पडली होती.

“वीज काय, कधीही जाते,” ती म्हणाली. “गेली तरी झडपेने धरायला हवं. झडप फाटलेली होती. ती बघायचं काम माझ्या खोलीचं.”

मॅनेजरने तिच्याकडे, मग उंबऱ्याकडे पाहिलं. महिन्याचा सगळा माल परत वितळवावा लागणार होता, आणि त्याचा हिशेब तो मनातल्या मनात करत असावा, कारण चेहरा कडू झाला होता. शेवटी म्हणाला, “दुपारपासून येऊ दे त्याला. आणि त्या दुसऱ्याला कळवा म्हणावं, जागा नाही.”

दीर दुपारी आला तो तडक तिच्या खोलीत. सगळं ऐकून घेतलं, खोकल्याचं सुद्धा. ते तिने फक्त त्यालाच सांगितलं. तो फळीखाली वाकून पंपाकडे बघत राहिला.

“बघा वहिनी, दादा गेला तरी माझा कार्बन कमी दाखवायचं सोडत नाही.”

ती हसली, आणि मग तिला खिडकीकडे तोंड करून उभं राहावं लागलं. तोवर भट्टीवरून त्याला हाका यायला लागल्या होत्या.

संध्याकाळी ती फाटकातून बाहेर पडत होती तेव्हा रखवालदार दोन पावलं तिच्याबरोबर आला.

“बाई, कालपासून बटणाला हात लावला नाही. शांत आहे.”

“बरं केलंत.”

“एक विचारू? आता ते झोपले म्हणायचे, की गेले?”

“झडप बदललीय, मामा,” ती म्हणाली आणि चालू लागली. कोपऱ्यावर गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण नेहमीपेक्षा हळू चालतोय, मागून कोणी गाठेल अशा बेताने. मागे कोणी नव्हतं. दिवेलागण होत होती.

घरी येऊन तिने त्या दिवसाचं पान भरलं. झडप, भिंग, तिघांचे आकडे, मॅनेजरचं बोलणं, सगळं क्रमाने. खाली दोन ओळी उरल्या होत्या, तिथे लिहिलं: भावजींचे कामाचे कपडे वेगळ्या बादलीत भिजत घातले. कपड्यांचा साबण संपला.